समीक्षकांच्या गावांतून : बर्लिन ते बॉन

दिवस पहिला : बर्लिन

रोमँटिसिझम म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे कवी उभा राहतो. जर्मनीत मात्र ही चळवळ आधी समीक्षकांच्या टेबलावर जन्माला आली आणि तिची कविता मागाहून आली, असं माझं वाचून वाचून ठाम मत झालं आहे. मी स्वतः पुस्तकांची परीक्षणं लिहिते. परीक्षण म्हणजे दुय्यम काम, हे ऐकत आलेल्या माणसाला येना आणि बर्लिनच्या या मंडळींची, म्हणजे अठराव्या शतकाच्या अखेरच्या आउगुस्ट विल्हेल्म आणि फ्रीडरिश या श्लेगेल बंधूंची, कवी नोव्हालिसची आणि त्यांच्या मित्रांची, ओढ वाटली नाही तरच नवल. लाइपझिगला राहणारी माझी मामेबहीण म्हणाली, "तू ये तर खरी, मी रजा काढते." सप्टेंबरात मी निघाले. ताईला जर्मन येतं आणि तिच्याकडे रेल्वेचा पासही आहे.

सुरुवात बर्लिनपासून केली, कारण मुळं इथं आहेत. ब्रूडरश्ट्रासेवर १३ क्रमांकाचं घर आहे, निकोलायहाउस. फ्रीडरिश निकोलाय हा पुस्तकविक्रेता, प्रकाशक आणि कडवा विवेकवादी इथं १७८८ पासून राहिला. त्यानं १७५९ मध्ये साहित्यविषयक पत्रांचं एक साप्ताहिक काढलं होतं. त्यात तो स्वतः, नाटककार-समीक्षक लेसिंग आणि तत्त्वज्ञ मोझेस मेंडेलसोन लिहीत. त्यातलं सतरावं पत्र लेसिंगचं. फ्रेंच नियमांच्या चौकटीत जर्मन रंगभूमी बसवू पाहणाऱ्या गोटशेडला त्यानं त्या पत्रात सरळ धुडकावलं आणि फ्रेंच नाटककार कोर्नेयपेक्षा शेक्सपिअर मोठा शोकांतिकाकार आहे असं लिहिलं. तोवर समीक्षक म्हणजे नियमांचा पहारेकरी. नाटकात स्थळ, काळ आणि कृती यांची एकता आहे का, एवढं तपासायचं आणि निकाल द्यायचा. लेसिंगनं विचारलं, नाटक पाहणाऱ्याला काय होतं ते सांगा! पुढचं सगळं या प्रश्नातून निघालं.

दुपारी ग्रोसे हाम्बुर्गर श्ट्रासेवरच्या जुन्या ज्यू दफनभूमीत गेलो. दफनभूमी म्हणावं असं आता तिथं फार काही नाही. नाझींनी १९४३ मध्ये ती उद्ध्वस्त केली. गवत, झाडं आणि मोझेस मेंडेलसोनच्या आठवणीसाठी पुन्हा उभारलेला एक दगड. त्याची मुलगी ब्रेंडेल, जिनं पुढे डोरोथेआ हे नाव घेतलं, ती मला या साऱ्या कथेतली सगळ्यात धीट व्यक्ती वाटते. वडिलांनी ठरवलेल्या लग्नात ती होती. १७९७ मध्ये हेन्रिएटे हेर्झच्या बैठकीत तिला फ्रीडरिश श्लेगेल भेटला. ती त्याच्याहून जवळजवळ आठ वर्षांनी मोठी, दोन मुलांची आई. १७९९ मध्ये तिनं घटस्फोट घेतला. त्या काळच्या बर्लिनमध्ये एका ज्यू घरातल्या बाईनं हे करायचं म्हणजे सगळं गणगोत पणाला लावणं होतं. तिच्या बापानं ज्या विवेकाची बाजू मांडली, त्याच विवेकवादी पिढीच्या विरोधात उभ्या राहणाऱ्या तरुणाबरोबर ती गेली. लेसिंगच्या टेबलापासून श्लेगेलच्या टेबलापर्यंतचं अंतर एका घराण्यातल्या दोन पिढ्यांचं आहे, हे त्या दगडापाशी उभं राहिल्यावर मनात नीट बसलं.

संध्याकाळी ओरानियनबुर्गर टोरला उतरलो. पूर्वी इथं वेस होती. वेस गेली, यू-बानच्या, म्हणजे भुयारी रेल्वेच्या, स्टेशनाला नाव उरलं. या वेशीबाहेरच्या घरात १७९७ च्या डिसेंबरात फ्रीडरिश श्लेगेल आपल्या मित्राकडे, श्लायरमाखरकडे, राहायला आला. श्लायरमाखर शारिटे रुग्णालयाचा धर्मोपदेशक. एक पंचविशीतला, दुसरा तिशीला आलेला. दोघांनी एकत्र वाचायचं, एकत्र विचार करायचा, प्लेटोचं सगळं भाषांतर मिळून करायचं असे बेत रचले. प्लेटोमधून फ्रीडरिशनं पुढे अंग काढून घेतलं, श्लायरमाखरनं ते काम एकट्यानं ओढलं आणि १८०४ पासून ते छापलं जाऊ लागलं. आरंभ करायचा आणि पुढच्या कल्पनेमागे धावायचं, हा फ्रीडरिशचा स्वभाव. पण या घरात एक गोष्ट त्यानं तडीस नेली. मे १७९८ मध्ये 'आथेनेउम' या नियतकालिकाचा पहिला अंक निघाला.

दिवस दुसरा : ड्रेस्डेन

सकाळच्या गाडीनं ड्रेस्डेन. १७९८ च्या उन्हाळ्यात ही सगळी मंडळी इथं जमली होती: दोघे श्लेगेल बंधू, थोरल्याची बायको कारोलिने, नोव्हालिस, शिवाय तरुण शेलिंग आणि फिश्ट हे दोघे तत्त्वज्ञ. दिवसचे दिवस ते चित्रदालनात घालवत. त्या वेळी दालन दुसऱ्या इमारतीत होतं, आता ती चित्रं त्स्विंगर राजवाड्याला लागून असलेल्या, वास्तुकार सेम्परच्या इमारतीत आहेत. राफाएलची सिस्टिन मॅडोना १७५४ मध्ये इटलीतल्या पिआचेन्झाहून इथं आली. तिच्या पायाशी कोपर टेकून बसलेली दोन पोरं जगभर कपांवर नि पिशव्यांवर फिरतात. मी मात्र तिच्या पावलांकडे बघत होते. ती ढगांवरून चालत येते आहे, आणि येताना तिला पुढचं ठाऊक आहे असा चेहरा आहे.

या दालनातल्या गप्पांतून 'चित्रं : एक संवाद' हा लेख तयार झाला आणि १७९९ च्या 'आथेनेउम'मध्ये छापला गेला. लुईजे, वालर आणि राइनहोल्ड असे तिघं बोलतात. शब्दांनी चित्र उभं करता येतं का, की शब्द चित्राला मारतात, यावर वाद घालतात. छापताना नाव थोरल्या श्लेगेलचं होतं, पण त्यात कारोलिनेचा मोठा हात होता. मला या लेखाचं मोल वाटतं ते त्याच्या घडणीमुळे. एकानं निकाल द्यायचा आणि बाकीच्यांनी मान डोलवायची, असं इथं नाही. तीन माणसं एका चित्रापुढे उभी आहेत, प्रत्येकाला वेगळं दिसतं आणि कुणालाच गप्प बसवलेलं नाही. परीक्षण असंही लिहिता येतं हे मला या लेखानं शिकवलं.

दुपारी फ्रीडरिशश्टाट भागातल्या जुन्या कॅथलिक दफनभूमीत गेलो. फ्रीडरिश श्लेगेल इथं आहे. याच आवारात संगीतकार वेबरही आहे, त्याच्यासाठी येणारे लोक जास्त. फ्रीडरिश १८०८ मध्ये डोरोथेआसह कॅथलिक झाला, नंतर ऑस्ट्रियाच्या सरकारी नोकरीत गेला, तिथल्या मेटर्निख या मुत्सद्द्याच्या राजकारणाला लेखणी दिली. ज्यानं पंचविशीत फ्रेंच राज्यक्रांतीला युगाच्या सगळ्यात मोठ्या प्रवृत्तींमध्ये गणलं, त्याचा हा शेवट मला दुखतो. १८२८ च्या हिवाळ्यात तो ड्रेस्डेनला व्याख्यानं देत होता. जानेवारी १८२९ मध्ये रात्री व्याख्यानाची तयारी करताना तो आजारी पडला आणि गेला. हस्तलिखित ज्या वाक्यावर थांबलं ते पूर्ण आणि परिपूर्ण आकलनाविषयीचं होतं. वाक्य अर्ध्यावर तुटलं आहे.

रात्री लाइपझिगला ताईच्या घरी मुक्काम. वरणभात. इथं १७९२ च्या जानेवारीत फ्रीडरिशला हार्डेनबेर्ग नावाचा विद्यार्थी भेटला होता. दोघांचंही वय एकोणीस. तोच नोव्हालिस.

दिवस तिसरा : वायसेनफेल्स

लाइपझिगहून जवळच. गाव शांत, दुकानं अर्धी बंद. क्लोस्टरश्ट्रासेवर हार्डेनबेर्ग कुटुंबाचं घर आहे, मागे बाग. इथंच २५ मार्च १८०१ रोजी नोव्हालिस क्षयानं गेला, अजून एकोणतिशीही पुरी झाली नव्हती. फ्रीडरिश उशाशी होता. कबर गावातल्या बागेत आहे, जी पूर्वी दफनभूमी होती. तिथं अर्धपुतळा आहे.

लोक त्याला स्वप्नाळू कवी समजतात. प्रत्यक्षात तो मिठागरांच्या खात्यातला कारकून-अधिकारी. फ्रायबेर्गच्या खाण-अकादमीत भूगर्भशास्त्र शिकला, खात्याचे अहवाल लिहिले, कोळशाचे साठे तपासत फिरला. त्याच्या टिपणांत एक जागा आहे जी मला सगळ्या रोमँटिक सिद्धान्तापेक्षा जवळची वाटते: खरा वाचक हा लेखकाचाच विस्तार असला पाहिजे. म्हणजे पुस्तक लेखकानं संपवलं तिथं संपत नाही, वाचणारा ते पुढे लिहितो. समीक्षेला याहून मोठा मान कुणी दिला आहे का, मला माहीत नाही.

ताई म्हणाली, "अगं, मग वाईट वाचकाचं काय?" नोव्हालिसनं त्याचाही विचार केला असावा, असं मी म्हटलं. पुढच्या सगळ्या प्रवासात, झाले नावाच्या नदीच्या काठाकाठानं, आम्ही यावर वाद घातला. खिडकीबाहेर चुनखडीचे पांढरट डोंगर सुरू झाले होते.

दिवस चौथा : येना

स्टेशनाचं नाव 'येना पाराडीस', स्वर्ग. बाजूच्या नदीकाठच्या बागेचं ते नाव, त्या काळीही हेच होतं, आणि ही मंडळी इथं फिरायला येत. १८०० च्या सुमारास येनाची वस्ती साडेचार हजारांच्या आसपास, त्यात शेकडो विद्यार्थी. एवढ्याशा गावात त्या काही वर्षांत कवी-नाटककार शिलर, फिश्ट, शेलिंग, श्लेगेल बंधू आणि लेखक टीक राहिले, गटे घोड्यावरून येऊन-जाऊन होता, आणि पाठोपाठ तत्त्वज्ञ हेगेलही आला. कारण साधं होतं. विद्यापीठ चार छोट्या संस्थानांच्या मिळून ताब्यात होतं, त्यामुळे कुणा एका दरबाराचा हुकूम पुरता चालत नसे. पगार कमी, मोकळीक जास्त.

आधी श्लेगेलांचं घर शोधलं. लॉयट्रागासेमधलं ते घर आता नाही. १९४५ च्या बॉम्बहल्ल्यांत गावाचा मधला भाग पडला, आणि पुढे १९७० च्या सुमारास तिथली उरलीसुरली वस्ती पाडून सुमारे १४५ मीटर उंचीचा गोल मनोरा उभारला गेला. गावकरी त्याला बिस्किटांचा पुडा म्हणतात. मनोऱ्याच्या पायथ्याशी मी बराच वेळ उभी राहिले. या परिसरात कुठेतरी ते जेवणाचं टेबल होतं.

कारोलिनेबद्दल इथंच लिहायला हवं. ग्योटिंगेनच्या प्राध्यापकाची मुलगी, लहान वयात विधवा. फ्रेंच राज्यक्रांतीच्या धर्तीवर उभ्या राहिलेल्या माइन्झच्या प्रजासत्ताकाची बाजू घेतली म्हणून १७९३ मध्ये पोटात मूल असताना क्योनिगश्टाइनच्या किल्ल्यात कैद झाली. आउगुस्ट विल्हेल्म श्लेगेलनं तिला त्या काळात आधार दिला, १७९६ मध्ये दोघांचं लग्न झालं आणि ते येनाला आले. तो शेक्सपिअर जर्मनमध्ये आणत होता, गद्यात नव्हे, मूळच्या छंदात. १७९७ पासून १८१० पर्यंत सतरा नाटकं झाली. पहिली काही नाटकं कारोलिनेनं त्याच्याबरोबर बसून घडवली, ओळी ऐकल्या, बदलल्या, स्वच्छ प्रती केल्या. मुखपृष्ठावर तिचं नाव कधीच आलं नाही. जर्मन रंगभूमी आजही ज्या शेक्सपिअरशी नातं सांगते तो मोठ्या प्रमाणात याच घरात बोलायला शिकला. हे भाषांतर मी समीक्षाच मानते, कदाचित त्यांची सगळ्यात मोठी समीक्षा. एखादी कृती कशी चालते हे शब्दाशब्दाला हात लावून ज्याला कळलं, त्यालाच ती अशी पुन्हा उभी करता येते.

पोट भरण्यासाठी तो परीक्षणं लिहायचा. येनाहून १७८५ पासून 'आल्गेमाइने लिटराटूर-त्साइटुंग' नावाचं परीक्षणांचं पत्र निघायचं. परीक्षणकारांची नावं छापत नसत. श्लेगेलनं तिथं सुमारे ३०० परीक्षणं लिहिली. सामान्य कादंबऱ्या, पंचांगवजा काव्यसंग्रह, जे येईल ते. हे मला फार महत्त्वाचं वाटतं. मोठे सिद्धान्त हवेतून येत नाहीत. तीनशे बरी-वाईट पुस्तकं नीट वाचून, प्रत्येकाला काय साधायचं होतं आणि काय साधलं हे विचारून झाल्यावर नजर तयार होते.

त्यांनी नेमकं नवं काय केलं ते इथं सांगते. नियमांनी मोजणारी समीक्षा लेसिंगनं खिळखिळी केली होती. वायमारच्या हेर्डर या विचारवंत धर्मोपदेशकानं म्हटलं, प्रत्येक कृती तिच्या देशाच्या नि काळाच्या मातीत वाचा. श्लेगेल त्यापुढे गेले. कृतीला तिच्या आतल्या हेतूनं मोजायचं, बाहेरून आणलेल्या फूटपट्टीनं नाही. गटेची 'विल्हेल्म माइस्टर' ही कादंबरी १७९६ मध्ये पुरी झाली. फ्रीडरिशनं १७९८ मध्ये तिच्यावर लिहिलं, की हे सर्वस्वी नवं आणि एकमेव पुस्तक फक्त त्याच्यातूनच समजून घ्यायला शिकता येतं. मग तो प्रकरणामागून प्रकरण चालत जातो, सूर कुठे बदलला, व्यंग कुठे आलं, एखादं पात्र का मागे सरलं, हे दाखवतो. आज कुणीही कादंबरीवर असं लिहिलं तर आपल्याला नवल वाटत नाही. तेव्हा कादंबरी हा प्रकार गंभीर वाचनालायक समजलाच जात नव्हता.

आणि त्याचं दुसरं वाक्य, १७९७ च्या फुटकळ विचारांतलं: कवितेची समीक्षा फक्त कवितेनंच करता येते. म्हणून त्यांनी समीक्षेचे प्रकारच नवे केले. संवाद, पत्रं, आणि तुकडे. 'आथेनेउम'च्या दुसऱ्या अंकात ४५१ तुकडे होते, काही एका ओळीचे, काही पानभर, कुणाचं काय ते न सांगता छापलेले. त्यातला ११६ वा सगळ्यात गाजला. रोमँटिक काव्य हे पुढे पुढे जाणारं, सगळ्यांना सामावणारं काव्य आहे, ते सगळे प्रकार एकत्र करील, कविता आणि गद्य, प्रतिभा आणि समीक्षा यांना मिसळील, आणि ते कायम घडतच राहील, पुरं कधीच होणार नाही. लक्षात घ्या, हे लिहिलं तेव्हा असं काव्य जवळजवळ अस्तित्वातच नव्हतं. नोव्हालिसची 'रात्रीची स्तोत्रं' १८०० मध्ये आली, त्याच्या निळ्या फुलाची कादंबरी तो गेल्यावर १८०२ मध्ये. समीक्षकानं आधी जागा आखली आणि कविता तिथं येऊन राहिली.

दिवस पाचवा : येनाच

सकाळी रोमँटिकेरहाउस. हे फिश्टचं घर, आता संग्रहालय. फिश्टवर नास्तिकतेचा आरोप आला आणि १७९९ मध्ये त्याला येना सोडावं लागलं. खोल्या मोठ्या नाहीत. अशाच खोल्यांत हे सगळं घडलं.

१७९९ च्या शरदात टीक बायको-मुलीसह आला, डोरोथेआ फ्रीडरिशपाठोपाठ आली, आणि श्लेगेलांच्या घरी रोज पंगत पडू लागली. नोव्हेंबर १७९९ मध्ये नोव्हालिसनं त्याचा 'ख्रिस्ती जग किंवा युरोप' हा लेख वाचून दाखवला. मध्ययुगातल्या एकसंध श्रद्धेचं त्यात गुणगान आहे. काही भारावले, काही भडकले. शेलिंगनं उत्तरादाखल एक चावरी, देहाची नि मातीची बाजू घेणारी कविता लिहिली. दोन्ही छापायचं का? मत द्यायला गटेला बोलावलं, त्यानं नको म्हटलं, आणि दोन्ही बाजूला ठेवलं. रोमँटिक मंडळी एकमताची होती असं जे पाठ्यपुस्तकांत लिहिलेलं असतं ते या एका आठवड्यानंच खोटं ठरतं.

दुपारी शिलरच्या बागेतल्या घरी. १७९७ ते १७९९ चे उन्हाळे शिलरनं इथं काढले, 'वालेनश्टाइन'वर काम केलं. बागेत दगडी टेबल आहे, ज्यावर गटे आणि तो तासन्‌तास बोलत बसत. श्लेगेलांचं नि शिलरचं भांडण मला या बागेत बसून पुन्हा आठवावंसं वाटलं. फ्रीडरिशनं १७९६ मध्ये शिलरच्या काव्यवार्षिकाचं बोचरं परीक्षण लिहिलं. शिलर चिडला आणि १७९७ मध्ये त्यानं थोरल्या भावाशीही संबंध तोडले, ज्याची मिळकत बरीचशी शिलरच्या 'होरेन' मासिकावर होती. धाकट्याच्या लेखणीची किंमत थोरल्यानं मोजली. पुढे ऑक्टोबर १७९९ मध्ये शिलरची 'घंटेचं गाणं' ही कविता आली, तेव्हा दुपारच्या जेवणात आम्ही हसून हसून खुर्च्यांवरून पडायचे बाकी होतो, असं कारोलिनेनं पत्रात लिहिलं. शिलर तिला 'लुसिफरबाई' म्हणायचा.

मी कितीही श्लेगेलांच्या बाजूची असले तरी हे हसणं मला खटकतं. कवितेत गृहिणीचं जे चित्र आहे ते कारोलिनेसारख्या बाईला असह्य झालं असणार, हे कळतं. पण कृतीला तिच्या आतून वाचायचं हा त्यांचाच नियम, आणि शिलरच्या वाट्याला तो आला नाही. ताई म्हणाली, "जवळच्याला तसं वाचणं अवघडच." तिचं म्हणणं मला पटलं. शेक्सपिअर आणि स्पॅनिश नाटककार काल्देरोन दूर होते, शिलर चार गल्ल्या पलीकडे होता.

मंडळ फार टिकलं नाही. कारोलिनेची पंधरा वर्षांची मुलगी आउगुस्टे १८०० च्या जुलैत गेली. कारोलिने आणि शेलिंग जवळ आले, डोरोथेआचं आणि तिचं बोलणं बंद झालं, 'आथेनेउम' त्याच वर्षी थांबलं. तीन वर्षं, सहा अंक. खपही फारसा नव्हता.

संध्याकाळी बाजारचौकात विद्यापीठाचा संस्थापक हानफ्रीडच्या पुतळ्याजवळ बसून भाजलेले सॉसेज खाल्ले. मुलं अभ्यासाच्या वह्या मांडीवर घेऊन बसली होती.

दिवस सहावा : वायमार

येनाहून वायमार गाडीनं वीसेक मिनिटं. गटेच्या घरी भरपूर गर्दी, आम्ही आधी हेर्डरच्या चर्चमध्ये गेलो. हेर्डर १७७६ पासून १८०३ मध्ये जाईपर्यंत इथला मुख्य धर्माधिकारी. कबरीवर 'प्रकाश, प्रेम, जीवन' हे तीन शब्द.

श्लेगेलांना जागा करून दिली ती यानं. १७७३ चा त्याचा शेक्सपिअरवरचा निबंध, १७७८-७९ ची लोकगीतं. स्पेन, स्कॉटलंड, लिथुआनिया, पेरू, कुठली कुठली गाणी त्यानं जर्मनमध्ये आणली. तरुण गटेला त्यानं अल्सासच्या खेड्यांत म्हाताऱ्यांकडून गाणी गोळा करायला पाठवलं होतं. निरक्षर माणसाच्या तोंडची ओळ ही होमरच्या शेजारी बसू शकते, हे युरोपात ठामपणे सांगणारा हा पहिल्या काहींपैकी. आपल्याकडे जात्यावरच्या ओव्या वहीत उतरवून घेणारे जे जे झाले, त्यांना हेर्डर आपला वाटला असता.

आणि शाकुंतल. विल्यम जोन्सनं १७८९ मध्ये कलकत्त्याला इंग्रजी भाषांतर छापलं, त्यावरून गेओर्ग फोर्स्टरनं १७९१ मध्ये जर्मन केलं आणि प्रत हेर्डरकडे आली, हेर्डरकडून गटेकडे. गटेनं त्याच वर्षी चार ओळींची कविता लिहिली. 'फाउस्ट'च्या आरंभी सूत्रधार, कवी आणि विदूषक यांचा प्रवेश आहे, तो शाकुंतलाच्या प्रस्तावनेवरून सुचलेला मानतात. हेर्डरनं त्यावर दीर्घ लिहिलं आणि ॲरिस्टॉटलची मोजपट्टी या नाटकाला लावू नका असं बजावलं. १८८० साली पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांनी हेच नाटक संगीतात उभं केलं आणि मराठी रंगभूमीचं वळण बदललं. जर्मनीत त्याच नाटकानं नियमांची भिंत पाडायला मदत केली. कालिदासाला दोन्हीकडे केवढं काम करावं लागलं!

रंगमंदिरापुढे रीटशेलनं घडवलेला गटे-शिलरचा जोडपुतळा, १८५७ चा. या रंगमंदिराच्या जुन्या वास्तूत मे १८०२ मध्ये फ्रीडरिश श्लेगेलचं 'आलार्कोस' हे नाटक झालं. प्रेक्षक हसायला लागले, तेव्हा गटेनं उठून "हसू नका!" असं दटावलं. समीक्षक म्हणून थोर असलेला फ्रीडरिश नाटककार म्हणून पडला. पुढे १८२९ मध्ये हाच गटे त्याचं बोलणं टिपून ठेवणाऱ्या एकरमानला म्हणाला, की अभिजात ते निरोगी आणि रोमँटिक ते आजारी. एकदा दटावून वाचवणारा आणि मग असं म्हणणारा माणूस एकच आहे, हे मला त्या चौकात पचवायला वेळ लागला.

दिवस सातवा : फ्रँकफर्ट

गटेच्या जन्मघराला लागून २०२१ मध्ये उघडलेलं जर्मन रोमँटिसिझमचं संग्रहालय. हस्तलिखितांमुळे उजेड मंद ठेवलेला. नोव्हालिसचं अक्षर पाहिलं: बारीक, नीटस, हिशेबी. खात्याचे अहवाल लिहिणारा हात तो हाच.

इथून ऱ्हाइनच्या काठानं बॉनची गाडी. लोरेलायचा कडा पलीकडल्या तीरावर दिसला. लोक समजतात ती प्राचीन दंतकथा. ती १८०१ मध्ये कवी ब्रेंटानोनं एका कथाकाव्यात रचली, आणि ब्रेंटानो येनाचा विद्यार्थी. पुढे यानंच आर्निम या मित्राबरोबर लोकगीतांचा मोठा संग्रह केला. हेर्डरचं बी इथवर आलेलं.

दिवस आठवा : बॉन

जुन्या दफनभूमीत सकाळीच गेलो. आउगुस्ट विल्हेल्म श्लेगेल १८४५ मध्ये गेला, तो इथं. संगीतकार शूमान दांपत्यासाठी लोक येतात. मला धक्का बसला तो दुसऱ्या नावांनी. शिलरची बायको शार्लोटे १८२६ मध्ये बॉनला वारली, ती आणि मुलगा एर्न्स्ट याच आवारात आहेत. येनात ज्यांचं बोलणं थांबलं होतं, त्या दोन्ही घरांची माणसं एकाच फाटकातून आत येतात.

१८१८ मध्ये स्थापन झालेल्या विद्यापीठात श्लेगेलला बोलावलं गेलं. सम्राट निवडण्याचा हक्क असलेल्या राजांचा पिवळा राजवाडा, पुढे मोठं हिरवळीचं मैदान, तिथं बसलो. १८१९-२० मध्ये कवी हाइने त्याच्या वर्गात होता. पुढे त्यानं गुरूची फार क्रूर टर उडवली: पांढरे हातमोजे, अत्तर, टेबलावर चांदीचे दिवे आणि ते सांभाळायला गणवेशातला नोकर. १८३५ मध्ये कार्ल मार्क्सही त्याच्या होमरवरच्या व्याख्यानांना बसला. हाइनेच्या त्या पानांमुळे लोकांना श्लेगेलचे हातमोजे लक्षात राहिले. त्याचं काम मागे पडलं, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

कारण इथं त्यानं काय केलं? पन्नाशीत तो संस्कृतचा प्राध्यापक झाला, जर्मनीतलं ते पहिलं पद. धाकट्या भावानं १८०८ मध्ये भारतीयांची भाषा आणि प्रज्ञा यावर पुस्तक लिहून दार उघडलं होतं, त्यात उत्साह खूप आणि घाईचे निष्कर्षही खूप. थोरला वेगळ्या वाटेनं गेला. त्यानं पॅरिसमध्ये देवनागरीचे खिळे पाडून घेतले, ते बॉनला आणले, हस्तलिखितं ताडून पाहिली आणि १८२३ मध्ये भगवद्गीता छापली, संस्कृत पाठ देवनागरीत आणि सोबत लॅटिन भाषांतर. युरोपात छापलेली ही पहिली संस्कृत गीता. ताईनं मोबाइलवर तिचं स्कॅन काढलं. 'धर्मक्षेत्रे कुरुक्षेत्रे' ही अक्षरं ऱ्हाइनकाठी दोनशे वर्षांपूर्वी जुळवली गेली, आणि अक्षर सुबक आहे. आमची आजी रोज सकाळी पंधरावा अध्याय म्हणायची. ताईनं हलक्या आवाजात तो सुरू केला, मी साथ दिली.

प्रस्तावनेच्या शेवटी श्लेगेल गीतेच्या कवीला नमस्कार करतो. माणसांत तुझं नाव काहीही असो, तुझ्या पावलांच्या खुणांना मी नित्य वंदन करतो, असा त्याचा भाव आहे. तीनशे पुस्तकांचे दोष दाखवणारा, शिलरशी भांडणारा, शेक्सपिअरची ओळ न् ओळ तपासणारा माणूस इथं वाकतो. आणि वाकण्याआधी त्यानं पाठ शुद्ध केलेला आहे, जुळणी तपासलेली आहे. पंचवीस वर्षांपूर्वीच्या येनातली जी शिकवण होती, कृतीला तिच्या आतून वाच, ती त्यानं स्वतःच्या भाषेपासून सगळ्यात लांबच्या पुस्तकावर पाळली. त्यावर भाषाभ्यासक विल्हेल्म फोन हुम्बोल्टनं बर्लिनच्या अकादमीत व्याख्यानं दिली, आणि १८२७ मध्ये हेगेलनं हुम्बोल्टचं परीक्षण लिहिलं, बरंच प्रतिकूल. वाद पुन्हा सुरू.

संध्याकाळी कोलोनची गाडी पकडायची होती. ताई म्हणाली, "पुढच्या वेळी व्हिएन्ना." खरंच आहे. १८०८ मध्ये श्लेगेलनं नाट्यकलेवर व्याख्यानं दिली ती तिथं, आणि ती १८१५ मध्ये इंग्रजीत गेली, इंग्रज कवी कोलरिजनं ती कसून वाचली. दुसरं ठिकाण जिनिव्हा सरोवराकाठचं कोप्पे, फ्रेंच लेखिका मादाम द स्ताएलचं घर, जिथं तो १८०४ पासून राहिला. जर्मनीवरचं तिचं पुस्तक नेपोलियननं १८१० मध्ये छापखान्यातच नष्ट करवलं आणि ते १८१३ मध्ये लंडनहून निघालं. येनातल्या त्या टेबलावरचं बोलणं फ्रान्स-इंग्लंडपर्यंत पोहोचलं ते मुख्यतः या दोन वाटांनी. ताईनं गाडीतच वेळापत्रक पाहायला घेतलं.